हिरडीवरची परकी गाठ

हिरडीवर लालसर, मऊ गाठ आली आणि ब्रश लागला की तिच्यातून रक्त येऊ लागलं, तर कारण बहुतेक वेळा साधंच असतं. दातावर साचलेलं कीटण, काचणारी कॅप, नीट न बसणारी कवळी किंवा गरोदरपणातले हार्मोनचे बदल. दाह झालेल्या हिरडीत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं आणि मांसाचा गोळा तयार होतो. गोळा काढला, कारण दूर केलं, की विषय संपतो.

फार थोड्या वेळा मात्र ती गाठ हिरडीची नसतेच. फुप्फुस, मूत्रपिंड, स्तन, यकृत अशा दूरच्या अवयवातल्या कॅन्सरच्या पेशी रक्तातून वाहत येतात आणि हिरडीत रुजतात. अडचण अशी की दिसायला ही गाठ साध्या गाठीची जुळी बहीणच असते. तोच लाल रंग, तोच मऊपणा, तेच रक्त. अनुभवी दंतवैद्यालाही नुसतं बघून खात्रीने सांगता येत नाही. फरक कळतो तो सूक्ष्मदर्शकाखाली. म्हणून हिरडीवरून काढलेला मांसाचा कोणताही तुकडा कचऱ्यात न जाता तपासणीला जायला हवा. घाईत असाल तर या लेखातलं एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल.

तोंडात आहे, पण तोंडाचा नाही

तोंडाचा कॅन्सर म्हणजे गालाच्या आतल्या, जिभेवरच्या किंवा हिरडीवरच्या अस्तराच्या पेशी बिघडून झालेला कॅन्सर. तंबाखू, सुपारी, दारू ही त्याची ओळखीची कारणं. इथे बोलतो आहोत ते त्याबद्दल नाही. फुप्फुसाचा कॅन्सर हिरडीत उगवला तरी तो फुप्फुसाचाच राहतो: पेशींचा तोंडवळा फुप्फुसाचा आणि औषधंही फुप्फुसाच्या कॅन्सरचीच. डॉक्टर याला मेटास्टॅसिस म्हणतात, मराठीत दुय्यम गाठ. ‘दुय्यम’ या शब्दाने फसू नये. ती महत्त्वाने दुय्यम नसते. मूळ कॅन्सर रक्तावाटे पसरला आहे, म्हणजे रोग बहुधा चौथ्या टप्प्यात आहे, असा तिचा अर्थ.

तोंडात सापडणाऱ्या सगळ्या कॅन्सरच्या गाठींमध्ये अशा दुय्यम गाठी साधारण १ टक्का असतात. गाठ दुय्यम आहे असं म्हणण्याआधी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. मूळ गाठ दुसरीकडे सापडलेली आणि तपासलेली असावी. दोन्हीकडच्या पेशी एकाच जातीच्या असाव्यात. आणि शेजारच्या भागातली, उदाहरणार्थ सायनसमधली, गाठ नुसती सरकत हिरडीपर्यंत आलेली नसावी.

पेशी एवढ्या लांब येतात कशा

मूळ गाठीतून रोज पेशी सुटतात. रक्तात शिरलेल्या बहुतेक पेशी मरतात: प्रवाहाच्या माराने, रोगप्रतिकारक पेशींच्या तावडीत सापडून, किंवा धरायला जागा न मिळाल्याने. ज्या उरतात त्या कुठे रुजतात, यावर वैद्यकात जुना वाद आहे. १८८९ मध्ये इंग्लिश शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या आणि पसरणं आंधळं नसतं, असं मांडलं. पेशी म्हणजे बी, अवयव म्हणजे जमीन. बी सगळीकडे पडतं, उगवतं मात्र मानवेल त्या जमिनीत. १९२८ मध्ये अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट जेम्स यूइंग यांनी उलट बाजू घेतली: रक्त जिथे आधी जातं आणि पेशी जिथे अडकतात, तिथे गाठ होते. हिरडीच्या बाबतीत दोघांचंही थोडं थोडं खरं आहे.

रक्ताचा रस्ता आधी पाहू. मूत्रपिंडातून निघालेलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं, तिथून फुप्फुसात जातं. फुप्फुसातल्या केशवाहिन्या म्हणजे बारीक गाळणी. बऱ्याच पेशी तिथेच अडकतात, म्हणून तोंडात दुय्यम गाठ असलेल्या अनेकांच्या फुप्फुसातही गाठी आढळतात. पण काहींची फुप्फुसं स्वच्छ असतात. मग पेशी गाळणी चुकवून आल्या कशा? त्याचं एक उत्तर १९४० मध्ये शरीररचनेचे अभ्यासक ऑस्कर बॅटसन यांनी दिलं. पाठीच्या कण्याभोवती शिरांचं एक जाळं आहे आणि त्या शिरांना झडपा नसतात. खोकला, शिंक, कुंथणं यांनी पोटातला दाब वाढला की त्या शिरांमधलं रक्त उलट दिशेनेही सरकतं. ओटीपोटातली किंवा पोटातली पेशी फुप्फुसाकडे न वळता या आडवाटेने वर डोक्याकडे जाऊ शकते.

आता जमीन. हिरडीला सततचा दाह असेल तर तिथे नव्या केशवाहिन्या फुटतात. त्यांच्या भिंती कच्च्या, गळक्या असतात. रक्तातली पेशी तिथे सहज अडकते, बाहेर पडते, आणि दाहामुळे तिथे आधीच हजर असलेली वाढीची रसायनं तिला आयती मिळतात. हा तर्क रुग्णांच्या नोंदींशी जुळतो. ज्यांच्या तोंडात दात आहेत त्यांच्यात मऊ भागातल्या दुय्यम गाठी प्रामुख्याने हिरडीवर येतात. बोळक्या तोंडात हिरडीचा वाटा घटतो आणि जिभेचा वाढतो. दात गेले की हिरडीचा जुनाट दाहही जातो. याचा अर्थ हिरडी सुजल्याने कॅन्सर होतो, असा मात्र मुळीच नाही. कॅन्सर आधीच पसरत असतो. सुजलेली हिरडी त्याला एक थांबा देते, इतकंच.

हाडाचं गणित वेगळं. मोठ्या माणसाच्या जबड्यातली मज्जा बरीचशी चरबीची झालेली असते, पण खालच्या जबड्याच्या मागच्या भागात, दाढांच्या आसपास, रक्त बनवणाऱ्या लाल मज्जेचे अवशेष उरतात. तिथे रक्त संथ वाहतं. त्यामुळे जबड्याच्या हाडातल्या दुय्यम गाठी वरच्यापेक्षा खालच्या जबड्यात, आणि पुढच्या दातांपेक्षा दाढांच्या मागे जास्त आढळतात. एकूण हिशेबात हाडातल्या गाठी मऊ भागातल्या गाठींच्या जवळपास दुप्पट. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६७३ रुग्णांच्या आढाव्यात मऊ भागातल्या गाठींपैकी ५४ टक्के दाताला लागून असलेल्या घट्ट हिरडीवर होत्या. त्याच आढाव्यातला आणखी एक आकडा विचार करायला लावतो: २३ टक्के रुग्णांमध्ये तोंडातली गाठ हाच शरीरात कुठेतरी कॅन्सर असल्याचा पहिला पुरावा होता.

कोणता कॅन्सर कसा वागतो

पुरुषांमध्ये मूळ गाठ बहुधा फुप्फुस, मूत्रपिंड, यकृत किंवा प्रोस्टेटची. स्त्रियांमध्ये स्तन, जननेंद्रियं, मूत्रपिंड किंवा मोठ्या आतड्याची. हिरडीवर फुप्फुसाचा कॅन्सर पुढे, जबड्याच्या हाडात स्तनाचा. पण नुसत्या यादीपेक्षा प्रत्येकाची खोड माहीत असलेली बरी.

मूत्रपिंडाचा कॅन्सर सगळ्यात बेभरवशाचा. मूत्रपिंड काढून दहा वर्षं उलटली, माणूस ती गोष्ट विसरूनही गेला, आणि मग हिरडीवर जांभळट गाठ येते. या गाठी रक्ताने गच्च भरलेल्या असतात. बेसावधपणे कापल्या तर धार लागते. यकृताच्या कॅन्सरचंही तसंच, शिवाय त्या रुग्णाचं यकृत आधीच खराब असल्याने रक्त गोठवणारी प्रथिनं आणि प्लेटलेट दोन्ही कमी असू शकतात. थायरॉइडच्या गाठीही भरपूर रक्तस्राव करतात. प्रोस्टेटचा कॅन्सर हाड खात नाही, उलट नवं हाड घालतो, म्हणून एक्स-रेमध्ये जागा काळी न दिसता पांढरी दिसते.

दुर्मीळ प्रकार याहून फसवे. अँजिओसार्कोमा हा रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा कॅन्सर. हिरडीवर तो जांभळ्या, सतत पाझरणाऱ्या गाठीसारखा दिसतो. कोरिओकार्सिनोमा वारेच्या पेशींचा; बाळंतपण, गर्भपात किंवा द्राक्षगर्भानंतर तरुण स्त्रीच्या हिरडीवर झपाट्याने वाढणारी, रक्ताळलेली गाठ दिसली आणि गरोदरपणाच्या तपासणीतलं एचसीजी हे हार्मोन रक्तात अफाट वाढलेलं असलं, तर हे नाव आठवायला हवं. मेलॅनोमा, म्हणजे रंगद्रव्याच्या पेशींचा कॅन्सर, काळा किंवा तपकिरी असतोच असं नाही, बिनरंगीही असतो. शिवाय तो टाळू आणि हिरडीवर मुळातूनही होऊ शकतो, त्यामुळे इथला की बाहेरून आलेला हा प्रश्न उरतोच. लहान मुलांमध्ये मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीच्या भागात सुरू होणारा न्यूरोब्लास्टोमा जबड्यात उतरतो. अवेळी हलणारे दुधाचे दात आणि जबड्याची सूज हे त्याचं रूप असू शकतं.

रक्ताचा कॅन्सर या हिशेबात धरत नाहीत, पण सांगायला हवा. तीव्र ल्युकेमियाच्या काही प्रकारांत, विशेषतः मोनोसाइट जातीच्या पांढऱ्या पेशींच्या, सगळ्याच हिरड्या एकदम फुगतात आणि दात अर्धे झाकले जातात. एक गाठ नसते, पूर्ण हिरडी सुजते. अशा वेळी हिरडीला हत्यार लावण्याआधी रक्ताची साधी मोजणी करायची. ती वेळ वाचवत नाही, जीव वाचवते.

संशय कधी घ्यायचा

साधी गाठ आठवड्या-महिन्यांत वाढते आणि मग थांबते. दुय्यम गाठ थांबत नाही. दोन-तीन आठवड्यांत दुप्पट झाली, वरून पिवळसर साल धरून व्रण पडला, चावताना दाताखाली यायला लागली, तर वाट बघू नये. काढलेली गाठ त्याच जागी लवकर परत आली, तरी तेच. बाकी हिरड्या निरोगी असताना एकच दात किंवा दाढ हलायला लागणं, किडलेला दात नसताना जबड्याचं खोलवर दुखणं, तोंड कमी उघडणं, ही हाडातल्या गाठीची लक्षणं.

आणि एक लक्षण असं, की ज्याला रुग्णही किरकोळ समजतात आणि कधी कधी डॉक्टरही: खालचा ओठ आणि हनुवटी एका बाजूने बधिर होणं. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस बोगद्यातून जावी तशी जाते आणि उपदाढांच्या खाली एका छिद्रातून बाहेर येऊन ओठ-हनुवटीला स्पर्श देते. बोगद्यात गाठ वाढली की नस दाबली जाते. दुखत काहीच नाही, नुसतं ‘दंतवैद्याने इंजेक्शन दिल्यासारखं’ वाटतं. घरी तपासायचं असेल तर डोळे मिटून कुणाकडून तरी कापसाचं टोक हनुवटीच्या दोन्ही बाजूंना हलकेच टेकवून घ्यावं आणि फरक जाणवतो का पाहावं. अलीकडे अक्कलदाढ काढली असेल, इम्प्लांट बसवलं असेल किंवा त्या भागात मोठा संसर्ग झाला असेल तर कारण बहुधा तेच. असं काही घडलेलं नसताना आलेला बधिरपणा म्हणजे जबड्याचा एक्स-रे आणि तो स्वच्छ आला तर कवटीच्या तळापर्यंतचा एमआरआय. स्तनाचा कॅन्सर आणि लिम्फोमा, म्हणजे लसीका पेशींचा कॅन्सर, यात पुढे असतात. ज्याला पूर्वी कॅन्सर झालेला आहे, त्याची हनुवटी बधिर झाली तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत कॅन्सर परतलाय असंच धरायचं.

‘दात काढला आणि गाठ आली’

हे वाक्य या आजारात वारंवार येतं, आणि त्यावरून दंतवैद्याला दोषही दिला जातो. घडतं ते बहुधा असं. हाडात किंवा दाताच्या मुळाशी गाठ आधीच असते. तिच्यामुळे दात हलतो, दुखतो. हिरडीचा आजार समजून दात काढला जातो. आत कोंडलेल्या गाठीला आता उघडा दरवाजा मिळतो आणि ती खड्ड्यातून बाहेर फुलते. दात काढणं हे कारण नसून गाठीचाच परिणाम असतो. काही वेळा मात्र दात काढताना तिथे गाठ खरोखरच नसते. जखम भरताना होणारी पेशींची लगबग आणि नव्या रक्तवाहिन्या रक्तातल्या भटक्या पेशींना तिथे ओढून घेतात. दोन्ही शक्यता मान्य आहेत, पहिली जास्त वेळा दिसते.

म्हणून खड्डा भरण्याचं वेळापत्रक माहीत असावं. काढलेल्या जागी तिसऱ्या-चौथ्या दिवशी जोरात ठणकलं तर ती बहुधा रक्ताची गुठळी निघून गेल्याची वेदना. औषधाची पट्टी बसवली की उतरते. ३ ते ४ आठवड्यांत वरची कातडी मिटते. आतलं हाड भरायला काही महिने लागतात, पण वरून शांतता असते. तीन-चार आठवड्यांनी खड्ड्यातून मांस बाहेर येत असेल तर दोनच शक्यता आधी पाहायच्या: आत हाडाची किरच किंवा मुळाचा तुकडा राहिलाय का, आणि राहिला नसेल तर ते मांस काय आहे. पहिलीसाठी एक्स-रे, दुसरीसाठी बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणं. खरवडून टाकून पुन्हा अँटिबायोटिक देणं हा वेळ घालवण्याचा सर्वात प्रचलित मार्ग आहे.

एक्स-रे काय सांगतो, काय सांगत नाही

पूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये दुय्यम गाठ वाळवीने खाल्लेल्या लाकडासारखी दिसते: कडा ओबडधोबड, कुठे संपते ते कळत नाही. साध्या गळवाला बहुतेकदा दाताच्या टोकाशी गोलसर आकार असतो. हिरडीच्या जुन्या आजारात हाड वरून खाली, अनेक दातांभोवती झिजतं. गाठीत एकाच दाताभोवतीचं हाड नाहीसं होऊन दात हवेत तरंगल्यासारखा दिसतो. दात आणि हाड यांच्यातली बारीक काळी रेघ एकाच दाताभोवती रुंदावलेली असेल, तर तीही खूण.

पण साध्या एक्स-रेला मर्यादा आहे. हाडातला ३० ते ५० टक्के चुना गेल्याशिवाय त्यात फरक उमटत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणजे काही नाही, असं होत नाही. लक्षणं टिकून असतील तर सीटी स्कॅन, आणि नस किंवा मज्जेचा प्रश्न असेल तर एमआरआय.

बायोप्सी नीट कशी होते, कुठे बिघडते

नेहमीची शिस्त अशी: टोचणारं कारण दिसत असेल तर ते काढायचं, दात साफ करायचे, आणि २ आठवड्यांनी पुन्हा बघायचं. गाठ मावळली नाही तर तुकडा घ्यायचा. वर सांगितलेल्या संशयाच्या खुणा असतील तर हे २ आठवडेही थांबायचं नाही.

पूर्वी मूत्रपिंड, यकृत किंवा थायरॉइडचा कॅन्सर झालेला असेल, गाठ जांभळी असेल, बोटाला ठोके जाणवत असतील, तर साध्या खुर्चीत कापणं टाळावं. प्लेटलेट आणि रक्त गोठण्याच्या चाचण्या आधी. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर त्याबद्दल ती देणाऱ्या डॉक्टरांशी बोलणं. गाठीत सुई घालून किती रक्त येतं ते पाहणं. आणि टाके, दाबपट्टी, रक्त थांबवण्याचा डाग देण्याची सोय असलेल्या ठिकाणी काम. मोठी, रक्ताळ गाठ पूर्ण काढायची असेल तर तिला रक्त पुरवणारी धमनी आधी आतून बंद करून घेतात.

तुकडा घेताना दोन चुका ठरलेल्या. पहिली, वरवरचा तुकडा. दुय्यम गाठीच्या वरच्या थरात व्रण, पू आणि दाह असतो. खरी पेशी खाली असते. वरचा पापुद्रा पाठवला की अहवालात दाह एवढंच येतं आणि सगळे निर्धास्त होतात. दुसरी, चिमट्याने चिरडलेला तुकडा. पेशींचा आकार मोडला की त्यांची जात ओळखणं कठीण. तुकडा लगेच १० टक्के फॉर्मालिनमध्ये जावा आणि द्रावण तुकड्याच्या निदान दहापट असावं. स्पिरिट, सलाइन, पाणी यांत ठेवू नये.

यानंतरची सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त वेळा चुकवली जाणारी गोष्ट म्हणजे सोबतचा कागद. ‘हिरडीवरची गाठ’ एवढंच लिहून पाठवलं तर पॅथॉलॉजिस्ट हिरडीच्याच आजारांचा विचार करणार. वय, गाठ किती दिवसांची, किती वेगाने वाढली, आणि पूर्वी कोणत्या अवयवाचा कॅन्सर कोणत्या वर्षी झाला, हे चार मुद्दे निदानाची दिशा बदलतात. जुन्या शस्त्रक्रियेची काचपट्टी किंवा मेणाचा ठोकळा मिळवता आला तर दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतं. याहून चांगला पुरावा नाही.

प्रयोगशाळेत पेशींचं मूळ गाव शोधण्यासाठी प्रतिपिंडांचे विशेष रंग वापरतात. टीटीएफ-१ हा रंग चढला तर फुप्फुस किंवा थायरॉइड; त्यासोबत थायरोग्लोब्युलिनही चढला तर थायरॉइड. पॅक्स-८ मूत्रपिंड, थायरॉइड आणि स्त्री-जननेंद्रियांकडे बोट दाखवतो. गाटा-३ स्तन किंवा मूत्राशय, सीडीएक्स-२ आतडं, एनकेएक्स-३.१ प्रोस्टेट, आर्जिनेज-१ यकृत, सॉक्स-१० मेलॅनोमा. एकही रंग एकट्याने निकाल देत नाही. उदाहरणार्थ लाळग्रंथींच्या काही कॅन्सरवरही गाटा-३ चढतो, आणि त्या ग्रंथी तोंडातच आहेत. मूत्रपिंडाच्या पेशी काचेवर पारदर्शक, पाण्याने भरल्यासारख्या दिसतात, पण लाळग्रंथींचे आणि दाताच्या ऊतींचे काही कॅन्सरही तसेच दिसतात. फुप्फुसाचा स्क्वॅमस जातीचा कॅन्सर तर तोंडाच्या नेहमीच्या कॅन्सरपासून सूक्ष्मदर्शकाखालीही वेगळा काढता येत नाही. तिथे छातीचा स्कॅन आणि गाठीची जागा पाहून ठरवावं लागतं.

हाडाचा तुकडा असेल तर कापण्याआधी तो मऊ करावा लागतो. घाईने तीव्र आम्लात टाकला तर पेशींमधला डीएनए खराब होतो आणि पुढे औषध निवडण्यासाठीच्या जनुकीय चाचण्या त्यावर चालत नाहीत. ईडीटीए या सौम्य द्रावणात वेळ जास्त लागतो, पण डीएनए टिकतो. हाडासोबत मऊ मांसाचा छोटा तुकडा वेगळ्या बाटलीत पाठवला तर हा पेचच सुटतो.

तुकड्याने कॅन्सर सांगितला की मूळ गाठ आणि इतर ठिकाणं शोधायला छाती-पोट-ओटीपोटाचा सीटी किंवा पेट-सीटी, आणि संशयानुसार पीएसए (प्रोस्टेटसाठी), एएफपी (यकृतासाठी), एचसीजी यांसारख्या रक्तचाचण्या. पेट-सीटीत पेशी साखर किती खातात ते दिसतं, आणि दाह झालेली हिरडीही भरपूर साखर खाते. नुकताच दात काढला असेल तर ती जागा चमकणारच. स्कॅनच्या आधी हे रेडिओलॉजिस्टला सांगावं.

उलटा गोंधळ: हाडाच्या औषधांमुळे उघडा पडलेला जबडा

कॅन्सर हाडांत पसरलेल्यांना हाडं मोडू नयेत म्हणून झोलेड्रॉनिक ॲसिड ४ मिलिग्रॅम शिरेतून किंवा डेनोसुमॅब १२० मिलिग्रॅम कातडीखाली ठरावीक आठवड्यांनी देतात. ही औषधं हाड झिजवणाऱ्या पेशी दाबून टाकतात, त्यामुळे हाडाची दुरुस्तीही मंदावते. अशा रुग्णाचा दात काढला तर खड्डा भरत नाही, हाड उघडं पडतं, पू होतो, हनुवटी बधिर होऊ शकते. लक्षणं थेट दुय्यम गाठीची. जबड्याला कधी रेडिएशन दिलेलं नसताना हाड ८ आठवड्यांहून जास्त उघडं राहिलं तर औषधाचा परिणाम असं निदान करतात, पण दोन्ही गोष्टी एकाच जागी असू शकतात. मांस वाढत असेल, सूज पुढे सरकत असेल, तर तुकडा घेऊन कॅन्सर नाही याची खात्री करावी. आणि ही औषधं सुरू होण्याआधी दंतवैद्याकडे जाऊन काढायचे ते दात काढून घ्यावेत. जखमा मिटायला वेळ मिळतो. याचा विसर पडला तर पुढचं वर्षभर त्रास.

उपचार: गाठीवर आणि माणसावर

मुख्य उपचार मूळ कॅन्सरचे, कारण रोग फक्त हिरडीत नसतो. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर किंवा एएलके जनुकात बदल सापडला तर गोळ्या. मूत्रपिंड आणि मेलॅनोमात प्रतिकारशक्तीला मोकळं सोडणारी इंजेक्शनं. प्रोस्टेट आणि काही स्तन कॅन्सरमध्ये हार्मोन रोखणारी औषधं. थायरॉइडच्या काही प्रकारांत किरणोत्सारी आयोडीन. कोरिओकार्सिनोमा पसरल्यावरही केमोथेरपीने बरा होऊ शकतो, म्हणून तो ओळखण्यात चूक परवडत नाही. एकूण चित्र गोड नाही. जुन्या नोंदींमध्ये तोंडात गाठ आल्यानंतरचं आयुष्य बहुतेकांचं महिन्यांतच मोजलं गेलं. पण त्या नोंदी नव्या औषधांच्या आधीच्या, आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरची एकच गाठ असेल तर ती काढून माणूस काही वर्षंही जगतो.

हिरडीवरच्या गाठीचा उपचार रक्त, वेदना आणि खाणं यांसाठी असतो. रेडिएशन बहुधा थोडक्यात देतात: एकदाच ८ ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप), किंवा ५ वेळांत २० ग्रे, किंवा १० वेळांत ३० ग्रे. रक्त थांबायला आणि दुखणं उतरायला काही दिवस ते आठवडे लागतात. गाठ चावताना मध्ये येत असेल, घशाकडे वाढत असेल किंवा रक्त थांबतच नसेल तर ती काढतात. पूर्ण जबडा कापण्याला इथे सहसा अर्थ नसतो.

घरी रक्त आलं तर ओल्या स्वच्छ गॉजची घडी गाठीवर ठेवून १५ ते २० मिनिटं सलग दाबावी; दर दोन मिनिटांनी उचलून बघितलं की गुठळी निघते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. चूळ भरून रक्त धुऊ नये, डोकं मागे टाकू नये. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या रक्त थांबवणाऱ्या औषधाचं ५ टक्के द्रावण १० मिलिलिटर तोंडात २ मिनिटं धरून थुंकायचं, दिवसातून चार वेळा. २० मिनिटं दाबूनही रक्त चालूच राहिलं किंवा गिळावं लागतंय इतकं येत असेल तर इस्पितळ. ब्रश सगळ्यात मऊ, गाठीला चुकवून पण बाकी दात रोज घासायचे, कारण अस्वच्छ तोंडात गाठ सडते आणि वास येतो. जेवण मऊ, कोमट, तिखट-आंबट नाही.

ज्यांना पूर्वी कॅन्सर झालाय त्यांनी दंतवैद्याच्या फॉर्मवर तो दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा असला तरी लिहावा. ‘त्याचा दातांशी काय संबंध’ असा विचार करून ती ओळ मोकळी सोडली जाते. गाठ काढल्यावर तुकडा तपासणीला गेला का आणि अहवाल कधी मिळेल, हे विचारावं. आणि अहवालात साधी, दाहाची गाठ असं आलं, पण ती महिन्याभरात त्याच जागी परत उगवली, तर जुना कागद दाखवून समाधान मानू नये. पहिला तुकडा वरचा होता का हे विचारावं आणि दुसरा, खोल, हाडापर्यंतचा तुकडा घ्यायला सांगावा.